संगणक मागच्या बाजूने बघा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणक कक्षात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून, किरकोळ काटछाट करून.)

केस कमी, पोट जास्त झालेल्या माझ्या दोस्तांनो,

काल इथे हृदयविकारावर बोलणं झालं, म्युच्युअल फंडावर झालं, कॅनडातल्या थंडीवर झालं. आज कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलंय, 'जुनी संगणकीय उपकरणे व त्यांचा नव्या संगणकासोबत वापर'. हे नाव मी दिलेलं नाही. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की, अडगळीच्या खोलीतला माल भंगारात द्यायच्या आधी मला एकदा बघू द्या. त्या एका वाक्याचं संयोजकांनी भाषण करून टाकलं.

तुम्हाला माहीत आहे, २००३ पासून मी लातूरला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. नवे संगणकही विकतो. पण खरं सांगायचं तर माझं पोट भरतं ते सोयरीक जुळवण्यावर. एकीकडे गिऱ्हाईकाचा नवाकोरा संगणक, दुसरीकडे त्याचा वीस वर्षांचा प्रिंटर. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात. मधे बसून मी ते लग्न लावतो.

आपल्या बॅचने वर्गणी काढून शाळेला बारा नवे संगणक दिले. समोर टेबलावर आहेत. डबा केवढा, तर जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. मागे चार यूएसबी, एक एचडीएमआय, एक नेटवर्कच्या तारेची जागा. संपलं. आणि त्यांना जागा हवी म्हणून जुना सगळा माल सोमवारी भंगारवाल्याकडे जाणार आहे. काल रात्री तुम्ही अंताक्षरी खेळत होतात, तेव्हा मी मामांना घेऊन ती खोली उघडली. सतरा कीबोर्ड निघाले. दोन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एक स्कॅनर, सात चपटे मॉनिटर आणि दोन जाड काचेचे, चार यूपीएस, एक इंकजेट, आणि एक पोतंभर तारा. पोत्यातल्या तारा सोडवायला माझा पाऊण तास गेला.

कुठलंही जुनं उपकरण नव्या संगणकाला लावायचं असलं की मी दोन गोष्टी बघतो. भोक जुळतं का, आणि बोली जुळते का. बहुतेक माणसं पहिलीच बघतात. बाजारातून शंभर रुपयांचा जोड आणतात, तो मस्त बसतो, आणि तरी काही चालत नाही. मग म्हणतात, उपकरण गेलं. अहो, गेलेलं नसतं. आपण एखाद्याला तेलंगणातल्या नातेवाइकाशेजारी बसवून दिलं, म्हणून त्याला तेलुगू येत नाही.

आता ते सतरा कीबोर्ड घ्या. त्यातल्या चौदांना गोल पिन आहे, जांभळ्या रंगाची. माउसला तीच पिन हिरवी. ही पिन आयबीएमने १९८७ साली पीएस/२ नावाच्या संगणकांबरोबर आणली, म्हणून तिचंही नाव पीएस/२. मॉनिटरची ती पंधरा टोकांची निळी पिन, व्हीजीए, तीही त्याच वर्षी त्याच संगणकांबरोबर आली. एप्रिल १९८७. आपण तेव्हा पहिलीतून दुसरीत चाललो होतो. आणि यूएसबीचा पहिला आराखडा आला जानेवारी १९९६ मध्ये, म्हणजे आपण दहावीची सराव परीक्षा देत होतो त्या महिन्यात. इंटेलमध्ये ज्यांच्या पुढाकाराने ते काम झालं ते अजय भट्ट बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. दहावीला आपल्याला हे कुणी सांगितलं असतं तर आपण विज्ञान-२ च्या पेपरात लिहून आलो असतो. मार्क मिळाले नसते, ती गोष्ट वेगळी.

गोल पिनेला यूएसबीचा छोटा जोड मिळतो. त्याच्या आत नुसत्या तारा असतात, डोकं नसतं. एका काळात काही कीबोर्ड असे निघाले की त्यांना दोन्ही बोली यायच्या. त्यांना तो जोड चालतो. खरोखर जुन्या कीबोर्डला एकच बोली येते, त्याला दुभाष्या लागतो, म्हणजे आत चिप असलेला जोड. त्याला दोन-तीनशे रुपये पडतात. तेवढ्यात नवा कीबोर्ड येतो. म्हणून त्या चौदांपैकी तेरा खुशाल जाऊ द्या. चौदावा देऊ नका. तो कार्यालयातल्या मोठ्या बाईंचा आहे. टीव्हीएस गोल्ड, प्रत्येक कळीखाली वेगळं बटण असलेला. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या माणसाला त्याचा टकटक आवाज आणि कळीची उसळी लागते, मऊ कीबोर्डवर त्यांची बोटं अडखळतात. बाई गेली बावीस वर्षं निकालपत्रकं त्यावर काढताहेत. त्याच्यासाठी दुभाष्या मी कालच खिशातून काढून दिला. आणि एक सांगून ठेवतो, गोल पिन लावताना-काढताना संगणक बंद करायचा. यूएसबीसारखं चालू यंत्रात खुपसायचं नाही, बोर्डावरचा फ्यूज उडतो.

चपटे मॉनिटर सातही चांगले आहेत, ठेवा. एचडीएमआयहून व्हीजीएला जाणारा जोड घ्यायचा. दिशा नीट बघून घ्या. उलट दिशेचा जोड दिसायला तसाच असतो, दुकानदार परत घेत नाही. मीही घेत नाही.

आता प्रिंटर. इथे जरा थांबू या, कारण यावर माझं अर्धं दुकान चालतं.

लातूरच्या मोंढ्यात सकाळी सौद्याच्या वेळी कुठल्याही आडतीत जा. एसी आहे, भिंतीवर मोठा टीव्ही आहे, मुनीमजींच्या हातात ॲपलचा फोन आहे, आणि कोपऱ्यात डॉट मॅट्रिक्स करकरतोय. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, हे लोक मागास. तसं नाही. सोयाबीन विकलं की पट्टी निघते. एक प्रत शेतकऱ्याला, एक खरेदीदाराला, एक आडत्याच्या फायलीला. डॉट मॅट्रिक्समध्ये पिना शाईच्या फितीवर आपटतात, म्हणून कार्बनखालच्या प्रतीही एकाच आपटीत उठतात. तिन्ही प्रतींवर तोच आकडा. लेसर प्रिंटर आपटतच नाही, त्याला तीन वेगळे कागद काढावे लागतात. मग तिसऱ्या कागदावर आकडा बदलला नाही याची खात्री कोण देणार? शेतकऱ्याला कार्बनची निळसर प्रत हातात आली की बरं वाटतं. त्याचं बरोबर आहे.

या प्रिंटरची पिन पंचवीस टोकांची. नव्या संगणकाला ती नाही. यूएसबीची तार मिळते, एका टोकाला जुनं रुंद तोंड. विंडोजमधून छापायचं असेल तर ती चालते. पण आडतीतला हिशेब पुष्कळ ठिकाणी अजून डॉसच्या काळातला आहे, फॉक्सप्रोतला. त्याला एलपीटी१ सोडून दुसरं दार माहीतच नाही, आणि यूएसबीची तार त्या दाराशी जात नाही. उपाय असा की, प्रिंटर नेटवर्कवर शेअर करायचा आणि 'नेट यूज' नावाची एक ओळीची आज्ञा देऊन संगणकाला सांगायचं, एलपीटी१ कडे आलेलं सगळं या शेअर केलेल्या प्रिंटरकडे पाठव. संगणक स्वतःच स्वतःला चिठ्ठी पाठवतो. आणि चौसष्ट बिटच्या विंडोजवर डॉसचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही, तिथे डॉसबॉक्ससारखं काहीतरी घालून त्याला जुन्या घरात असल्याचा भास करून द्यावा लागतो.

एक गंमत. याच प्रिंटरवर इंग्रजी अक्षरं सरसर निघतात आणि मराठी निघताना प्रिंटर दमल्यासारखा करतो. कारण साध्या प्रिंटरच्या पोटात इंग्रजीचा साचा असतो, देवनागरीचा नसतो. प्रत्येक मराठी ओळ त्याला चित्र म्हणून ठिपक्या-ठिपक्याने काढावी लागते. म्हणून पुष्कळ पट्ट्यांवर शेतकऱ्याचं नाव इंग्रजीत असतं. ते मला आजही खटकतं.

आता काट्याची गोष्ट सांगतो. काटा म्हणजे भुईकाटा, ज्यावर अख्खा ट्रॅक्टर चढतो. काट्याच्या खोलीत लाल आकड्यांचा एक डबा असतो, त्याला इंडिकेटर म्हणतात. त्याच्या मागून नऊ टोकांची तार निघते, आरएस-२३२. हा प्रकार १९६० सालचा आहे, आपल्या सरांच्याही शाळेच्या दिवसांतला. (हशा.) त्या तारेतून वजनाचा आकडा थेट संगणकात जातो आणि पावतीवर छापला जातो. हाताने टाइप करायचा नाही, हे त्यात महत्त्वाचं. तारेतून आकडा आला की मधे कुणाचा हात लागत नाही.

दसरा झाला होता, सोयाबीन जोरात होतं. रात्री साडेआठला लातूरजवळच्या एका काट्यावरून फोन. "सर, आकडा येईना गेलाय." मालकाने दुपारीच नवा संगणक बसवला होता, माझ्याकडून नाही. तीस किलोमीटर मोटारसायकलवर गेलो. बघतो तर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. ऑपरेटर पोरगा घामाने भिजलेला. तो म्हणाला, मी हाताने टाकतो म्हटलं तर लोक ऐकेनात. का ऐकावं त्यांनी? इंडिकेटरवर एक आकडा आणि पोरगा खाली मान घालून दुसराच टाइप करतोय, असं बाहेरच्या माणसाला दिसतं. पोरगा प्रामाणिक होता. पण रात्रीच्या वेळी रांगेत तीन तास उभ्या असलेल्या माणसाला ते कसं कळणार?

नव्या संगणकाला नऊ टोकांचं भोक नव्हतं, म्हणून कुणीतरी यूएसबीचा जोड लावून दिला होता. दुपारी चाललं होतं. मग झाडलोट करताना कुणीतरी तो जोड उपसून शेजारच्या भोकात लावला. माणसाला वाटतं, भोक भोकासारखं, काय फरक पडतो. संगणकाला पडतो. त्याने त्या दाराला नवा नंबर दिला, कॉम ३ चं कॉम ७ झालं. आणि वजनाचा जुना प्रोग्रॅम कॉम ४ च्या पुढे मोजतच नव्हता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर पुन्हा ३ केला. चार मिनिटांचं काम. पण आकडे आले ते भलतेच, चौकोन आणि फुल्या. नंबर बदलताना वेग पुन्हा ९६०० वर गेला होता आणि इंडिकेटर बोलत होता २४०० ने. एक भरभर ऐकतोय, दुसरा सावकाश बोलतोय. ते जुळवलं आणि आकडा आला.

रांगेतले एक म्हातारे बाबा खिडकीशी उभं राहून सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, "सायेब, तार बदलल्यावर वजन बदलतंय का?" मी म्हणालो, नाही बदलत. ते म्हणाले, "मग दाखवा." बरोबर होतं त्यांचं. त्यांचा ट्रॅक्टर चढवला, आकडा घेतला, उतरवला, पुन्हा चढवून पुन्हा घेतला. लाल डब्यावरचा आणि पावतीवरचा आकडा त्यांनी बोट ठेवून ताडून बघितला. मग रांग हलली. तेव्हापासून कुठल्याही काट्यावर मी जोड बसवला की ते भोक रंगवून ठेवतो, नखाला लावायच्या लाल पॉलिशने. बायको विचारते, बाटली संपते कशी?

हे झालं माझ्या हुशारीचं. आता माझ्या चुकीचं सांगतो, कारण खरं तर त्याच्यासाठीच मी काल ती खोली उघडायला लावली.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, याच गावातली. वजिराबादेत एक डीटीपीवाले काका होते. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंकाची पानं. मी त्यांना नवा संगणक विकला. जुन्या डिस्कमधल्या फायली सगळ्या नव्यात घेतल्या, मराठीचं सॉफ्टवेअर नव्यात टाकलं, चालू करून दाखवायचं उद्यावर ठेवलं. जुनं खोकं टेम्पोत घातलं, येता येता भंगारवाल्याकडे उतरवलं. त्यांना आठशे रुपये परत दिले, मोठ्या दिमाखात.

दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअर उघडेना. लॉक सापडत नाही म्हणालं.

त्या काळी मराठीच्या सॉफ्टवेअरबरोबर एक छोटी वस्तू यायची, काडेपेटीएवढी. ती प्रिंटरच्या पंचवीस टोकांच्या भोकात लावायची आणि प्रिंटरची तार तिच्या पाठीवर. ती असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. वर्षानुवर्षं ती तिथेच असायची, धुळीने माखलेली, त्यामुळे मला वाटलं तो तारेचाच भाग. मी तार काढली आणि ती खोक्यालाच राहिली. भंगारवाल्याकडे धावलो. माल रात्रीच हैदराबादला गेला होता.

फायली होत्या, पण त्या जुन्या फॉन्टमधल्या. आजचं युनिकोड नव्हे, त्यात 'क' च्या जागी भलतंच इंग्रजी चिन्ह. ते सॉफ्टवेअर नसेल तर पानाची मांडणी उघडत नाही आणि मजकूर बाहेर काढला तर हाती येतं ते गिचमीड. अकरा वर्षांचं काम होतं. नवीन सॉफ्टवेअरचे पैसे मी भरतो म्हणालो, थोडे भरलेही. काका मला एक शब्द बोलले नाहीत. चहा मागवला. पण त्यानंतर त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही, आणि पुढच्या वर्षी डीटीपी बंद करून झेरॉक्सवर आले. बंद व्हायला आणखीही कारणं होती, लग्नपत्रिका मोबाइलवर येऊ लागल्या होत्या. तरी मी ते मनातून काढू शकलेलो नाही.

तेव्हा जुनं खोकं द्यायच्या आधी संगणक मागच्या बाजूने बघा. पुढून सगळे सारखे असतात. आणि मागे ती काडेपेटी सापडलीच, तर यूएसबीची प्रिंटरची तार आणून तिला लावायला जाऊ नका. ती तार फक्त प्रिंटरशी बोलते, लॉकशी नाही. तिच्यासाठी संगणकात खरं पंचवीस टोकांचं कार्ड लागतं, म्हणजे मोठ्या खोक्याचा संगणक लागतो. नाहीतर जुनाच संगणक तेवढ्या कामासाठी, इंटरनेटची तार काढून, जिवंत ठेवायचा.

माळेगावच्या यात्रेत जनावर घेणारा माणूस नुसतं वय विचारत नाही, दात बघतो. तसं कालच्या मालाचं केलं. एका डॉट मॅट्रिक्सच्या नऊपैकी दोन पिना गेल्यात, अक्षराला मधे फट पडते. तो सुट्या भागांसाठी ठेवायचा. दुसरा ठणठणीत आहे, त्याची फीत अजून बाजारात मिळते. स्कॅनरला चौसष्ट बिटचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नाही, पण लिनक्समध्ये तो निमूट चालतो. जुन्यातला एक बरा संगणक लिनक्स घालून त्याच्याशेजारी ठेवा, जुन्या हजेरीपटांचं स्कॅनिंग मुलं करतील. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून जे संगणक बाद ठरले, त्यातले पुष्कळ असे निवृत्तीनंतरच्या नोकरीला लागतात.

इंकजेट टाका, त्याचं हेड वाळून दगड झालंय. यूपीएसच्या बॅटऱ्या बॅटरीवाल्याला द्या, नव्यात पैसे वजा करतो. जाड काचेचे मॉनिटर मात्र गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. त्या काचेत शिसं असतं, तो ती उकिरड्यावर फोडतो आणि तांबं काढतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यायचं. आणि कुठलंही खोकं जायच्या आधी डिस्क काढून घ्या. त्यात मुलांची नावं, पत्ते, जातीचे दाखले आहेत.

शेवटचं. काल रात्री कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या खोक्याच्या मागे मला ती काडेपेटी सापडली. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शाळेची मागची स्मरणिका याच संगणकावर झाली. आपल्या चित्रकलेच्या सरांचा आणि गणिताच्या बाईंचा लेख तिच्यात होता. दोघंही आता नाहीत. छापील प्रत शाळेत एक होती, ती वाळवीने खाल्ली. फायली या खोक्यात असाव्यात. खोकं चालू होत नाही. सेल गेलाय हे नक्की, आणि वीज देणारा डबाही गेला असावा. डिस्क हाताला थंड लागते, यावरून काही सांगता येत नाही.

लॉक मी पाकिटात घालून वर 'टाकू नये' लिहून बाईंकडे दिलंय. तसला जुना डबा माझ्या दुकानात आहे. पोराला सांगितलं, त्याने सकाळी तो एस.टी.त ओळखीच्या कंडक्टरकडे दिलाय. गाडी अहमदपूर सोडून लोह्याच्या अलीकडे आहे, आत्ताच फोन होता. ती स्टँडवर लागली की मी उठणार. तोवर कुणाचे प्रश्न असतील तर विचारा. आणि कुणाकडे मोटारसायकल असेल तर माझ्याबरोबर चला.